चार बोटं लांब दांडा

माझा थोरला मुलगा शारजाला नोकरीला आहे. शाबान महिन्यातली गोष्ट. इशाची नमाज पढून घरी आलो तर बायको फोन धरून बसलेली आणि फोनमध्ये एका चकचकीत लोखंडी दांड्याचा फोटो. "बघा, तुमचा लेक काय घ्यायला निघालाय," ती म्हणाली. तिचा सूर ओळखीचा होता. पोरानं मागच्या वर्षी जुनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हापासून घरात त्या गाडीचा विषय निघाला की हाच सूर लागतो.

गाडी अमेरिकन बनावटीची, दोन दारांची, सहा गिअरची. आपल्याकडे अशी गाडी म्हणजे सिनेमातली गोष्ट. तिकडे मात्र आठ-दहा वर्षं जुनी झाली की पगारदार माणसालाही परवडते. पोराला लहानपणापासून गाड्यांचं वेड. शिकला, नोकरीला लागला, बहिणीच्या लग्नाला हातभार लावला आणि मग स्वतःच्या पैशानं गाडी घेतली. मी काही बोललो नाही. त्याच्या अम्मीनं मात्र एकच प्रश्न विचारला, "मागच्या सीटवर कोण बसणार?" मागची सीट नावालाच आहे. तिथं पिशवी बसते, माणूस नाही.

आता त्याला त्या गाडीचा गिअर बदलायचा होता. गिअरपेटी तीच राहणार. फक्त हातात येतो तो दांडा आणि त्याच्या खालची यंत्रणा काढून बाजारात मिळणारी दुसरी बसवायची. तीन प्रकार त्याच्यासमोर होते आणि त्यानं फोनवर विचारलं, "अब्बू, तुम्ही सांगा, कोणता घेऊ?"

मला हसू आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मराठीचा मास्तर. माझ्याकडे एक स्कूटर आहे आणि तिचाही प्लग मला नीट साफ करता येत नाही. मी म्हणालो, "अरे, हे मला काय विचारतोस?"

तो म्हणाला, "दादाजानच्या गाडीचा गिअर तुम्हीच बदलला होता ना?"

मी गप्प झालो. गिअर मी बदलला होता हे मुलांना ठाऊक होतं. त्याचं पुढं काय झालं हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. तेच इथं लिहितो आहे.

माझ्या अब्बांची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. परभणीत सगळे तिला फियाटच म्हणत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी काढली. मूळ घडण इटलीच्या फियाट ११०० ची, नाव पुढं पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीस घोड्यांची ताकद. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे फोटो आले होते. मी ते कात्रण जपून ठेवलं आहे.

अब्बांची गाडी पांढरी होती, भाड्यानं चालायची. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, आणि तेव्हा हिंगोलीही परभणी जिल्ह्यातच होती, तिथपर्यंत. लग्नाचे वऱ्हाडी, नांदेडला किंवा औरंगाबादला न्यायचे पेशंट, हजला निघालेले म्हातारे-म्हाताऱ्या. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरला की गाडीला आणि अब्बांना पंधरा दिवस दम नसे.

त्या गाडीचा गिअर स्टेअरिंगला होता. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला, आज जिथं वायपरची दांडी असते साधारण तिथंच, एक लांब दांडा बाहेर आलेला. तो आपल्याकडे ओढायचा, वर न्यायचा, खाली आणायचा. दांड्याची हालचाल स्टेअरिंगच्या खांबाबरोबर खाली उतरायची आणि तिथून सळयांनी गिअरपेटीपर्यंत जायची. सळयांच्या जोडांत बुश असत. ते झिजले की गिअर कुठं पडला ते चालवणाऱ्यालाही कळत नसे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की पेटीतून असा आवाज येई की आतले प्रवासी अल्लाचं नाव घेत.

पण स्टेअरिंगच्या गिअरचा एक मोठा फायदा होता. खाली जागा मोकळी राहायची. पुढची सीट बाकासारखी सलग, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत. अब्बांच्या शेजारी दोन माणसं आरामात बसत. परवाना चार प्रवाशांचा, पण लग्नसराईत मोजतं कोण! आणि भाडं नसेल त्या दिवशी ती मधली जागा माझ्या धाकट्या बहिणीची. एका बाजूला अब्बा, दुसऱ्या बाजूला अम्मी आणि मध्ये ती, समोरच्या काचेतून रस्ता बघत. मागं आम्ही दोघं भाऊ. सगळं घर एका गाडीत मावायचं.

१९९६ च्या हिवाळ्यात अब्बांचा डावा खांदा धरला. साखरेचा आजार त्यांना आधीपासून होता. डॉक्टर म्हणाले, साखर असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, खांद्याचा सांधा आखडतो, सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. हात खाली लोंबता ठेवला तर ठीक, पण छातीच्या वर उचलला की कळ. आणि स्टेअरिंगचा गिअर टाकायचा म्हणजे दर वेळी हात वर उचलायचा. बाजारातून गाडी काढायची तर पाच मिनिटांत वीस वेळा.

अब्बा बोलले काहीच नाहीत. पण घरी आल्यावर सदरा काढायला त्यांना अम्मीची मदत लागू लागली. भाडी कमी घेऊ लागले. लांबची नाकारू लागले. मी तेव्हा वीस वर्षांचा, डीएडच्या दुसऱ्या वर्षाला. फीचे पैसे त्या गाडीतूनच येत होते.

आमच्या मोहल्ल्याजवळ वसमत रोडला एक गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. अब्बांची गाडी त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात गेली नव्हती. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तीन रस्ते सांगितले.

पहिला, आहे त्याच गिअरचे बुश बदलायचे, सळया सरळ करायच्या. खर्च थोडा. गिअर हलका होईल, पण हात वर उचलावा लागणारच. दुसरा, प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीची जुनी गिअरपेटी आणून बसवायची. त्या गाडीला निस्सान कंपनीचं इंजिन होतं आणि गिअर खाली, जमिनीला. काम पक्कं होईल, पण मागं जाणारा शाफ्ट कापून जोडावा लागेल आणि पैसा गाडीच्या निम्म्या किमतीइतका. तिसरा, बाजारात मिळणारा फ्लोअर गिअरचा संच. तेव्हा हा प्रकार फार चालत असे. मारुती आल्यापासून तरुण पोरांना स्टेअरिंगचा गिअर म्हाताऱ्यांचा वाटू लागला होता. फियाट, ॲम्बेसेडर घेऊन पोरं येत आणि खालचा गिअर, दोन वेगळ्या सीटा बसवून घेत. 'स्पोर्ट्स गिअर' म्हणत त्याला.

उस्ताद म्हणाले, "तिसराच बरा. हात खालीच राहील. पण मुंबईहून आण आणि लांब दांड्याचा आण. विसरू नकोस, लांब दांड्याचा."

मी रात्रीच्या रेल्वेनं मुंबईला गेलो. ऑपेरा हाऊसजवळ मोटारीच्या सामानाची दुकानंच दुकानं. एका दुकानात दोन्ही प्रकार होते. लांब दांड्याचा संच काळा, साधा, एसटीच्या गिअरसारखा दिसणारा. आणि दुसरा आखूड, क्रोमचा, आरशासारखा चमकणारा, वर पांढरी गोल मूठ आणि तिच्यावर लाल रंगात आकडे कोरलेले. दुकानदारानं तो हातात दिला आणि म्हणाला, "रेसवाले हाच घेतात." तीनशे रुपये जास्त होते. माझ्याकडे शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते. मला वाटलं, अब्बांसाठी घेतोय तर चांगला घेऊ या.

खरं सांगायचं तर मला वाटलं ते एवढंच नव्हतं. ईदच्या दिवशी ती गाडी मी ईदगाहपर्यंत चालवणार होतो. मित्र बघणार होते.

उस्तादांनी खोका उघडला, दांडा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं. "हा कुणासाठी आणलास?"

मी काही बोलायच्या आत अब्बा म्हणाले, "पोरानं आणलाय. बसव."

दोन दिवसांत काम झालं. पत्र्याला भोक पडलं, त्यावर रबरी टोपी आली आणि तिच्यातून तो चकचकीत दांडा वर आला. पुढच्या सीटवरची मधली जागा गेली. माझी बहीण पहिल्या दिवशी सवयीनं तिथं बसायला गेली, गुडघे दांड्याला लागले आणि ती काही न बोलता मागं येऊन बसली. लग्नसराईतला एक माणूस कमी झाला. अब्बा म्हणाले, "चलता है."

आता आखूड आणि लांब दांड्यात फरक काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. शाळेत तरफ शिकलो होतो, परीक्षेत आकृतीही काढली होती, पण तिचा खांद्याशी संबंध असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. गिअरचा दांडा म्हणजे तरफच. मध्ये कुठंतरी तो टेकलेला असतो. वरचा भाग हातात, खालचा भाग यंत्रात. वरचा भाग लांब असला तर हात जास्त फिरवावा लागतो, पण जोर कमी लागतो. आखूड केला की हात कमी फिरतो, जोर वाढतो. सहा इंचांच्या जागी हात चारच इंच फिरला तर जोर दीडपट लागणार. फुकट काहीच मिळत नाही. शर्यतीत गाडी पळवणाऱ्याला क्षणाचा हिशेब असतो, त्याचा खांदा धडधाकट असतो, त्याला हा सौदा परवडतो. अब्बांना त्याच्या नेमकं उलट हवं होतं. मी दुखऱ्या खांद्याला दीडपट ओझं आणून दिलं होतं, तेही तीनशे रुपये जादा मोजून.

सहा महिने अब्बांनी तो गिअर वापरला. कुणी विचारलं की सांगत, "माझ्या लेकानं मुंबईहून आणला." मी जवळ असलो की जरा मोठ्यानं सांगत.

पावसाळ्याच्या शेवटी मोठ्या खालांची तब्येत बिघडली. त्यांना नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मागं खाला, त्यांची मुलगी आणि मी. पुढं अब्बा आणि अम्मी. संध्याकाळ झाली होती. झिरो फाट्याच्या अलीकडे वळणावर समोर एकदम ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, ना दिवा ना लाल कापड. अब्बांनी ब्रेक दाबला, क्लच दाबला, आणि दुसरा गिअर टाकायला त्यांनी उजवा हात स्टेअरिंगवरून सोडून छातीवरून डावीकडे नेला. स्टेअरिंग तेवढा वेळ डाव्या हाताच्या नुसत्या पंजानं धरलेलं. गाडी रस्ता सोडून साइडपट्टीवर गेली, काळ्या मातीत चाकं रुतली आणि बंद पडली. ट्रॉली वीतभर अंतरावरून निघून गेली.

कुणाला खरचटलंही नाही. अल्लाचे उपकार. लोकांनी ढकलून गाडी वर काढली, आम्ही नांदेडला पोहोचलो, खालांना दाखल केलं. रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात अम्मी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुझे अब्बा सहा महिने उजव्या हातानं गिअर टाकतायत. मी शेजारी बसते, मला दिसतं. तुला सांगू नको म्हणाले होते."

मला रडू आलं. अम्मी म्हणाली, "रडून काय होतं? उस्तादांकडे जा."

परभणीला परतल्यावर गेलो. उस्तादांनी ना डोळे वटारले, ना 'सांगितलं होतं' म्हणाले. त्यांनी अब्बांना सीटवर बसवलं, डावा हात नुसता सैल सोडायला सांगितला आणि तळवा जिथं आपोआप येत होता तिथपर्यंत चार बोटांचं माप घेतलं. क्रोमचा दांडा मधोमध कापला, मध्ये चार बोटांचा लोखंडी तुकडा घातला, वेल्डिंग केलं आणि जरा अब्बांच्या बाजूला वाकवला. आधी मूठ टेकणीपासून आठ इंचांवर होती, ती अकरा इंचांवर आली. जोर एक चतुर्थांशाहून जास्त कमी झाला. खालच्या जोडांना ग्रीस, दोन नवे बुश. मजुरी त्यांनी घेतली नाही.

दिसायला तो दांडा भयंकर होता. वर क्रोम, मध्ये काळा गाठाळ डाग, खाली पुन्हा क्रोम. माझ्या मित्रांनी त्याला हाड मोडलेला गिअर म्हटलं. अब्बांनी पहिल्याच दिवशी डाव्या हातानं चौथ्यापर्यंत गिअर टाकत गाडी जिंतूर रोडनं नेली आणि परत येऊन अम्मीला म्हणाले, "मख्खन." त्या गिअरवर त्यांनी पुढं नऊ वर्षं गाडी चालवली. माझं डीएड, बहिणीचं लग्न, सगळं त्या दांड्यावर झालं.

एवढं ऐकून फोनवर पोरगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अब्बू, माझी अडचण वेगळी आहे. मला दिखावा करायचा नाही." आणि त्यानं पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी बाजूच्या रस्त्यावरून हायवेला लागताना त्यानं दुसऱ्यावरून तिसरा टाकला, पण पडला पाचवा. गाडीनं वेगच घेतला नाही आणि मागून ट्रक येत होता. त्याच्या शेजारी आमची सूनबाई होती. तिला तेव्हा चौथा महिना होता.

त्याच्या अम्मीचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "मग दांड्याचं सोड. आधी सांग, गिअर चुकतो का?"

त्यानं मला समजावलं ते असं. त्या गाडीत दांडा थेट गिअरपेटीवर बसलेला नाही. पेटी पुढं, दांडा मागं, मध्ये सळई. दांड्याची बैठक पुढून पेटीला आणि मागून गाडीच्या पत्र्याला रबरी बुशनं धरलेली. जोरात वेग घेतला की इंजिन आणि पेटी किंचित पिळतात; बैठकीचं मागचं टोक मात्र पत्र्याला धरून जागच्या जागी राहतं. पावसाळ्यात दार फुगतं आणि कडी कोयंड्यात बसत नाही, तसं. कडी बरोबर, कोयंडा बरोबर, दोघांची रेष चुकलेली. रबर जुनं झालं की ही चूक वाढते.

त्याच्यासमोरचे तीन पर्याय ऐकताना मला उस्तादांचं गॅरेज आठवत होतं. एक, स्वस्त आखूड दांडा. बैठक तीच, फक्त हाताची फेरी कमी. दोन, बैठकीला आधार देणारी लोखंडी पट्टी आणि रबराच्या जागी कडक बुश, दांडा मूळचाच. तीन, अख्खी नवी यंत्रणा, जी घट्ट पेटीलाच धरते. गिअर बंदुकीच्या घोड्यासारखा नेमका पडतो, पण मधलं रबर गेल्यामुळं इंजिनाची थरथर आणि पेटीची घरघर थेट आत येते. किंमत त्याच्या आठवड्याच्या पगाराहून जास्त.

मी म्हणालो, "पहिला तर नकोच. कोयंडा चुकलाय आणि तू कडी आखूड करतोयस. चूक तीच राहील, फक्त लवकर होईल." तो हसला. म्हणाला, सगळे मित्र तोच घेतात.

मग मी विचारलं, "गाडी तू एकटाच चालवतोस?"

तो थबकला. त्याची रात्रपाळी असते त्या आठवड्यात गाडी सूनबाई चालवते. तिच्याकडे मॅन्युअल गाडीचं लायसन्स आहे. दवाखान्यात तपासणीला तीच एकटी जाते. त्यानं तीन पर्यायांचे व्हिडिओ पाहिले होते, लोकांची मतं वाचली होती, किमती जुळवल्या होत्या. तिच्या हाताचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. मी त्याला दोष दिला नाही. मी कोणत्या तोंडानं देणार?

त्या रात्री त्यानं एक चांगली गोष्ट सांगितली. या धंद्यातलं जुनं नाव म्हणजे जॉर्ज हर्स्ट, अमेरिकेतला. शर्यतीच्या गाड्यांसाठी गिअरचे मजबूत दांडे बनवून तो नावाजला. आजही तिकडची पोरं त्याच्या नावाचा दांडा लावून मिरवतात. त्याच माणसानं शर्यतीतल्या एका अपघातात चालकाला चेपलेल्या गाडीतून काढायला किती वेळ लागतो हे पाहिलं आणि पत्रा फाकवून माणूस बाहेर काढणारं यंत्र बनवलं. 'जॉज ऑफ लाइफ' म्हणतात ते. आपल्याकडेही आगीच्या बंबाबरोबर येणाऱ्या बचाव पथकाकडे तसलं अवजार असतं. मला ही गोष्ट फार आवडली. वेगाचं सामान विकणाऱ्याला गाडीत अडकलेला माणूसही दिसत होता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पोरगा गॅरेजमध्ये गेला. गाडी वर उचलली तेव्हा कळलं की बैठकीच्या मागचं रबर एका बाजूनं फाटलेलं आहे आणि एक बोल्ट ढिला. आधी तेवढंच बदललं. निम्मी अडचण तिथंच गेली. मग तो सूनबाईला घेऊन एका मित्राकडे गेला, ज्याच्या तसल्याच गाडीला तिसऱ्या प्रकारची घट्ट यंत्रणा बसवलेली आहे. वीस मिनिटं तिला शेजारी बसवलं आणि मग मोकळ्या रस्त्यावर तिच्या हातात गाडी दिली. तिचं मत दोन वाक्यांचं होतं. "गिअर छान पडतो. पण पोटात सगळं थरथरतं आणि दुसरा टाकताना मनगट दुखतं."

शेवटी त्यानं दुसरा पर्याय घेतला. आधाराची पट्टी, मध्यम कडक बुश, आणि दांडा असा की ज्याची उंची तीन खाचांमध्ये कमी-जास्त करता येते. मूठ मूळचीच ठेवली. जुन्या गाडीची तिकडे दरवर्षी तपासणी होते, म्हणून काढलेलं सामानही सांभाळून ठेवलं. आपल्याकडे कुणाला असं काही करायचं असेल तर ध्यानात असू द्या: मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ माहितीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि गाडी नवी असेल तर कंपनीची हमी जाण्याची भीती असते. हात लावण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

दोन महिने झाले. तिसरा गिअर तिसऱ्यालाच पडतो. त्याची अम्मी आता त्या गाडीला नावं ठेवत नाही. फक्त बाळ झाल्यावर त्याला कुठं बसवणार, हे दर जुम्याला विचारते. पोरगा म्हणतो, "बघू, अम्मी." या 'बघू'चा अर्थ आम्हा दोघांना कळतो. गाडी फार दिवस राहील असं वाटत नाही.

अब्बांची पद्मिनी २००६ साली भंगारात गेली. तेव्हा उस्तादांनी स्वतः येऊन तो दांडा सोडवला आणि अब्बांच्या हातात दिला. अब्बा गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. दांडा आमच्या घरात आहे. उन्हाळ्यात गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावतो. क्रोम कधीच उडालं, वेल्डिंगची गाठ तेवढी घट्ट आहे.

परवा पोरानं फोन करून विचारलं, "अब्बू, दादाजानचा दांडा टेकणीपासून नेमका किती लांब होता?" मी पट्टी घेऊन गच्चीवर गेलो, मोजला आणि सांगितला. त्यानं त्याचा वरच्या खाचेत बसवला. म्हणाला, तिला तिथं बरा पडतो.